छायाचित्रातील काळोख : उणीव की निवड?

प्रश्न : एका वन्यजीव छायाचित्रात बिबट्याचे बहुतेक शरीर काळोखात असून केवळ पाठीची कड आणि कान उजळलेले दिसतात. याला अपुरा उजेड म्हणावे की छायाचित्रकाराचे कौशल्य?

उत्तर : आपल्या वर्णनावरून तरी हे कौशल्यच वाटते. सूर्य प्राण्याच्या मागे, क्षितिजालगत असला की तिरपा प्रकाश केसांच्या टोकांवर अडकतो आणि शरीराभोवती उजळ रेघ उमटते. मात्र ती उठून दिसण्यासाठी पार्श्वभूमी गडद लागते, म्हणजे कुठे उभे राहायचे, हे छायाचित्रकाराने आधीच हेरलेले असते.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे त्याच्यावर विसंबल्यास काळोख मळकट राखाडी होतो आणि कड पांढरी फटक पडते. हे टाळण्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, मुद्दाम एक-दोन स्टॉप कमी ठेवावे लागते (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

आपण ते चित्र मोठे करून कानाची कड न्याहाळा. तेथे केस न् केस सुटा दिसत असेल, तर प्रकाशाचा अंदाज अचूक होता. काळ्या भागात रंगीत ठिपके आणि रवाळपणा दिसला, तर बहुधा सावली नंतर संगणकावर ओढूनताणून उजळलेली असते. ओळख पटवण्यासाठी अंगावरचा प्रत्येक ठिपका दाखवणारी छायाचित्रे उपयुक्त खरीच, पण बिबट्याचे दबा धरून असणे त्यांतून क्वचितच जाणवते.