फिरकी पाहुण्याच्या हातात दे

बडोदे, संक्रांतीच्या आधीचा रविवार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

शिकागोतल्या मित्रांना संक्रांतीला बोलावतो आहेस हे वाचून बरं वाटलं, आणि सण समजावायला तू सहा स्लाइड केल्या आहेस हे वाचून हसू आलं. तुझ्या बाईंनी पस्तीस वर्षं फळ्यापुढे बोलण्यात घालवली, तेव्हा एवढं सांगायचा हक्क मला आहे: त्या स्लाइड पुसून टाक.

ही चूक मी करून बसले आहे. लेकीकडे न्यू जर्सीला होते, तेव्हा तिच्या शेजाऱ्यांना तिळगुळाला बोलावलं. वड्या आदल्या दिवशीच करून डब्यात भरलेल्या, घर आवरलेलं, सुगडं ओळीत मांडलेली. मंडळी आली आणि मी पंधरा मिनिटं उत्तरायणावर बोलले. बिचारे पालकसभेला आल्यासारखे बसून होते. त्यात मी चिक्कीचा गूळ वापरला होता, वड्यांचे दगड झाले. एका आजोबांची दातावरची टोपी निघाली. तरी ते गोडच बोलले!

पुढच्या वर्षी मला उशीर झाला. लोक दारात आणि पाक अजून गॅसवर. तिळाचं मिश्रण गरम आहे तोवरच वळतं, गार झालं की नुसता भुगा. काय करणार? सगळ्यांना कोट काढायला लावले आणि एकेकाच्या तळहातावर तूप टेकवलं. चटके बसले म्हणून आरडाओरडा, कुणाचा लाडू लिंबाएवढा, कुणाचा बोराएवढा. आदल्या वर्षी तोंडदेखलं हसून गप्प बसलेली एक बाई लाडू वळता वळता आपल्या आजीच्या स्वयंपाकघराबद्दल बोलायला लागली, ती जाईपर्यंत बोलतच होती.

तू लहान असताना दांडिया बाजारच्या गच्चीवर आपण वेगळं काय करत होतो? मुंबईहून आलेला पाहुणा, पतंगाचा गंध नाही, त्याला कोणी खुर्ची देत नसे. हातात फिरकी देत. अर्ध्या तासात ‘काप्यो छे’ (पतंग कापला!) म्हणून सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडायचा.

म्हणून लोकांना पाकाच्या वेळेला बोलाव, खायच्या वेळेला नव्हे. दोन वाट्या तीळ तडतडेपर्यंत भाजून घे. दीड वाटी साधा गूळ आणि चमचाभर तूप मंद आचेवर ठेव. पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी झाली की तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट आणि वेलदोडा घालून गॅस बंद कर. चिक्कीच्या गुळाच्या वाटेला जाऊ नकोस, कारण वर आलंच आहे.

पण त्याआधी प्रत्येकाला विचार, तीळ चालतात का, दाणे चालतात का. यात लाजायचं नाही. कित्येकांना तिळाची अॅलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. तिकडच्या कायद्यानं 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला आहे, तो उगाच नाही. कुणाला थोडीशी असेल, तर तीळ-दाणे उघडायच्या आधीच धुतलेल्या कढईत त्याच्यासाठी चुरमुऱ्याचे लाडू करून झाकून ठेव. गंभीर असेल, तर त्या दिवशी घरात तीळ-दाणे नकोतच, सगळ्यांनी चुरमुऱ्याचे वळा. ‘गोड बोला’ त्याच्यावरही म्हणता येतं.

वार कुठला, असं विचारलंस. संक्रांत आठवड्याच्या मधे आली, तर शनिवारी कर. आपल्याकडे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंच. आणि तारीख तर खुद्द सूर्याची सरकते: 12 जानेवारी 1863 ला विवेकानंद जन्मले, त्या दिवशी संक्रांत होती.

हळदीकुंकू मुलानं कसं करायचं, हा तुझा खरा प्रश्न. कर की. आलेल्या प्रत्येकाला वाण दे, बाई-पुरुष, लग्न झालेली-न झालेली, काही बघू नकोस. तुझ्या आजोबांच्या मागे तुझ्या आजीला या वाड्यात कोणी वाण दिलं नाही, ते मला अजून खुपतं. तेव्हा मीही गप्पच बसले होते. वाण म्हणून लोकरीचे हातमोजे दे, नाहीतर काड्यापेटी. काळे कपडे घालून या म्हणून सांग, थंडीतले त्यांचे निम्मे कोट काळेच असतील.

एक होईल बघ. कोणी ग्रीक मित्र आला, तर म्हणेल ही तर आमची पास्तेली. तीळ आणि मध, जवळजवळ हेच. पोलंडचा असेल तर सेझामकी म्हणेल. त्यावर ‘आमचं जुनं’ असा वाद घालू नकोस. त्याला पुढच्या महिन्यात ती करायला लाव आणि तू त्याच्याकडे हात धुऊन जा. अरे, आपण तरी काय मोठे शुद्ध! भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी, दुसऱ्या दिवशी गुळाच्या पोळीशेजारी उंधियू आणि जिलबी. पुण्याची माझी नणंद अजून नाक मुरडते, पण उंधियू दोनदा वाढून घेते.

समजावायचं फक्त एक वाक्य ठेव, तेही मराठीतच: तिळगूळ घ्या, गोड बोला. प्रत्येकाकडून म्हणवून घे. ‘ळ’ त्यांना जमणार नाही, हसा थोडं. अर्थ विचारतील तेव्हा सांग, आधी नको. हातातून हातात दे मात्र, ताटात मांडून ठेवू नकोस.

पतंगाचं राहू दे. शिकागोला वारा असतो म्हणतात, पण जानेवारीत बोटं गळून पडतील. मे महिन्यात तळ्याकाठी साध्या दोऱ्यानं उडवा.

इथे यंदा तुझ्या फिरकीवर शेजारच्या नातवानं आताच हक्क सांगितला आहे. वाशी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचला फोन कर, गच्चीवरचा गोंगाट ऐकवते. तिकडे भल्या पहाटेची वेळ असेल, पण ऊठ.

तुझ्या बाई