घाटात पिकअप ओढत नाही, काळा धूर येतो. ईजीआर वॉल्व्ह कुठे असतो आणि स्वतः साफ करता येतो का?

तुमची बीएस-४ डिझेल पिकअप माल भरून दिवे घाट चढताना दम टाकते, मागे काळा धूर सुटतो, चेक लाइट लागलेला आहे आणि फिटर म्हणतोय, ‘ईजीआर ब्लॉक करून टाकू’. ईजीआर म्हणजे जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह. तो साफ करता येतो, मीही केलाय. पण आधी माझा गाढवपणा ऐका.

माझी गाडी सासवड ते मार्केट यार्ड भाजी वाहते. येताना घाट उतार, त्यामुळे काही जाणवायचं नाही. परतताना पेंडीची पोती भरली की वडकीपासून रडगाणं सुरू. दोन रविवार वॉल्व्ह खोलून चकचकीत केला, फरक शून्य. शेवटी इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या, रबरी पाइपला खालच्या अंगाने चीर सापडली. लोड आला की टर्बोची हवा तिथून पळायची, डिझेल मात्र पडतच राहायचं. म्हणून आधी त्या पाइपवरून हात फिरवा, तेलकट डाग दिसला तर तिथेच बघा. एअर फिल्टरही काढून झटका. मग स्कॅनर लावून कोड काढा. पी०४०१ म्हणजे फिरवलेला धूर कमी जातोय, पी०४०२ म्हणजे जास्त. पी०४०३ आला तर साफसफाईआधी वायर आणि प्लग तपासा.

आता वॉल्व्ह शोधायचा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या जोडापासून, सुरुवात करा. सायलेन्सरकडे जाणारा जाड पाइप सोडा. त्याच मॅनिफोल्डमधून एक बारीक लोखंडी पाइप निघून हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डकडे जातो. वाटेत कूलंटचे दोन पाइप जोडलेली नळकांडी लागली तर तो ईजीआर कूलर. याच वाटेवर, बहुतेक इनटेकजवळ, वॉल्व्ह बसलेला असतो. डोक्यावर छत्रीसारखी टोपी आणि तिला बारीक रबरी नळी असेल तर तो व्हॅक्यूमवर चालतो. काळा प्लॅस्टिकचा डबा आणि वायरचा प्लग असेल तर इलेक्ट्रिक.

त्याचं काम साधं आहे. जळालेला थोडा धूर परत आत सोडायचा, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. पूर्ण पाय दाबला की मात्र त्याने बंद व्हायला हवं, कारण तेव्हा इंजिनला ताजी हवा लागते. तो उघडाच अडकला तर घाटात तुमच्यासारखंच होतं. धुराची काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र झाली की आत डांबर जमतं. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये रांगत चालणाऱ्या गाडीत तर लवकरच.

खोलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. बोल्ट गंजले असतील तर रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. घाईत तुटलेला बोल्ट काढणं वॉल्व्हपेक्षा महाग पडतं! मॅनिफोल्डचं तोंड स्वच्छ फडक्याने बंद करा, खपली आत पडली तर इंजिनला भोवते. वॉल्व्ह उलटा धरून कार्ब क्लीनर मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि जुन्या टूथब्रशने घासा. वॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती बैठक स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, ओरखडा पडला की वॉल्व्ह गळतो. इलेक्ट्रिक वॉल्व्हचा मोटारीचा भाग कोरडाच ठेवायचा, अख्खा वॉल्व्ह डिझेलच्या डब्यात बुडवणारे पाहिलेत मी. व्हॅक्यूमवाल्याच्या नळीतून तोंडाने हवा ओढा. दांडा उचलला जाऊन तसाच थांबला पाहिजे. लगेच खाली आला तर पडदा फाटलाय, तिथे घासून काही होणार नाही. चालू इंजिनच्या इनटेकमध्ये स्प्रे मात्र कधीच मारू नका. डिझेल इंजिन तेच जाळून बेफाम पळू शकतं.

बसवताना पॅकिंग नवीन हवं. काही इलेक्ट्रिक वॉल्व्हना नंतर स्कॅनरने पुन्हा शिकवावं लागतं, तेवढं गॅरेजमध्ये करून घ्या. कूलंट विनाकारण कमी होत असेल तर कूलर गळत असू शकतो, तो घरी उघडू नका.

ब्लॉक करण्याबद्दल म्हणाल तर मी करणार नाही. फिटर निर्धास्त असतो, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड नाहीत. कागद मिळतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीची मूळ रचना अशी बदलता येत नाही. शिवाय चेक लाइट कायमचा पेटून राहिला की उद्या खरा बिघाड कळणार कसा?

पॅकिंग नाना पेठेत मिळेल. जुनं फेकू नका, नमुना म्हणून सोबत न्या. नुसतं गाडीचं नाव सांगून मी एकदा भलतंच घेऊन आलो होतो.