राखाडी ओक: वाचकांचे प्रश्न

पुण्यात व्हाइट ओकचं जेवणाचं टेबल करून घेतलं. उन्हापावसात राहिलेल्या जुन्या लाकडासारखा राखाडी रंग हवा होता. पॉलिशवाल्याने राखाडी स्टेन लावला, तर टेबल ऑइलपेंट मारलेल्या दारासारखं दिसतंय. काय चुकलं?

पॉलिशवाल्याचं काही चुकलं नाही. स्टेनमधली रंगाची पूड लाकडावर बसते आणि रेषा झाकते. तुम्हाला हवा तो रंग लाकडाच्या आतून यावा लागतो, आणि त्याला लोखंड लागतं. केसांना लावायचा आवळा लोखंडी कढईत रात्रभर भिजवला की सकाळी काळाकुट्ट होतो ना, तोच हा प्रकार. आवळ्यात टॅनिन, म्हणजे लोखंडाशी मिळून काळं पडणारं तुरट द्रव्य असतं, तसं ओकमध्येही भरपूर असतं.

अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बारीक स्टील वूलचा, म्हणजे लोखंडाच्या केसासारख्या तारांचा एक बोळा टाका. त्याला कारखान्यातलं तेल असतं, म्हणून आधी साबणाने धुवा. भांड्यांची स्टेनलेसची घासणी चालणार नाही, ती विरघळतच नाही. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, कारण आत हायड्रोजन तयार होतो. दोन-तीन दिवसांनी फडक्यातून गाळून घ्या.

टेबलावरचा स्टेन घासून कोरं लाकूड उघडं करावं लागेल. शेवटचा हात १५० नंबरच्या पॉलिश पेपरचा, त्याहून गुळगुळीत नको. मग ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि उठलेली लव हलकेच काढा. गाळलेल्या पाण्यात चौपट साधं पाणी घालून आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर लावा. लावल्याबरोबर फारसं काही दिसत नाही. काही मिनिटांनी रंग चढू लागतो आणि पूर्ण वाळेपर्यंत चढत राहतो. बहुतेक जण इथेच धीर सोडतात आणि दुसरा हात मारून बसतात.

तो दुसरा हात मी मारला! आता लाकूड निळसर काळं झालंय. – नाशिक

ऑक्झॅलिक ॲसिड आणा. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे विरघळवा आणि पूर्ण फळीवर सारखं फिरवा. नुसत्या डागावर लावलं तर तिथे फिकट बेट उमटेल. लोखंडाचा काळा रंग उतरतो, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. हे विष आहे, तेव्हा हातमोजे, मास्क हवेतच आणि पोरंबाळं लांब. वाळल्यावर उरलेले कण कोरडे घासून उडवू नका.

राखाडी सुंदर आला होता, पण मेलामाइनचा हात दिला आणि पिवळट तपकिरी झाला.

वरच्या पॉलिशने घात केला. मेलामाइन, लाखेचं पॉलिश, जवसाचं तेल या सगळ्यांना मुळात पिवळी झाक असते, आणि राखाडीवर ती लपत नाही. इथे पाण्यात मिसळणारं, न पिवळणारं मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या. कोणतंही पॉलिश रंग थोडा गडद करतंच. त्याचा अंदाज हवा असेल तर वाळलेल्या तुकड्यावर ओला बोळा फिरवा. ओलं असताना दिसेल, साधारण तसंच शेवटी दिसतं.

पॉलिशच्या दोन हातांच्या मध्ये मात्र स्टील वूलने घासू नका. मी एकदा घासलं होतं. अडकलेले कण पाण्याच्या पॉलिशखाली गंजले आणि पावसाळा संपेपर्यंत टेबलावर तीळ शिंपडल्यासारखं दिसू लागलं. ते टेबल आजही माझ्याच घरी आहे, कारण गिऱ्हाईकाने घेतलं नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये, लेस्टरला असतो. बागेत ओकचं नवं बाक आहे. लवकर राखाडी करण्यासाठी काय लावू?

काही लावू नका. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारं द्रव्य फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे रुपेरी राखाडी तंतू उरतात. तुमच्याकडे ऊन कमी असलं तरी एक-दोन वर्षांत काम होतं. छपराखाली येणारा भाग मात्र मागे राहतो, म्हणून बाक उघड्यावर ठेवा. स्क्रू तेवढे स्टेनलेसचे आहेत ना, बघून घ्या. साध्या लोखंडाचे असतील तर प्रत्येकाखाली काळा ओघळ येईल.

ओक परवडत नाही. सागावर किंवा पाइनवर हेच चालेल का? – कोल्हापूर

पाइनमध्ये टॅनिन नसल्यातच जमा, सागात तेल आड येतं. पाइनला टॅनिन आपणच द्यायचं. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची पूड आणा, पाण्यात उकळून गाळा, एक हात द्या आणि वाळल्यावर लोखंडाचं पाणी लावा. कातडी कमावायला हिरडा वापरतात तो याच टॅनिनसाठी. सागावर रंग ढगाळ, डागडागांचा येतो. त्याला मी तरी हात लावणार नाही. ओकचं व्हेनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला ओकचा पातळ पापुद्रा परवडत असेल तर ते बघा, पण घासताना जपून. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, मशीन लावलं की खालचा प्लाय दिसलाच.