घरी शिकणाऱ्या लेकीची नववी-दहावी: विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांसाठी काय निवडायचं?

पत्र: "आम्ही चिपळूणजवळ राहतो. सहावीनंतर मुलगी शाळेत जाईनाशी झाली, म्हणून दाखला काढला. गेली दोन वर्षं ती घरीच शिकते आहे. येत्या जानेवारीत तिला चौदा पूर्ण होतील. पक्षी, किडे, नदीतल्या मगरी यांत ती रमते. इतिहासाचं पुस्तक मात्र 'नुसत्या सनावळ्या' म्हणून मिटून ठेवते. न्यू जर्सीतली माझी बहीण म्हणते, तिकडे घरी शिकणाऱ्या मुलांसाठी नववी ते बारावीचे विज्ञानाचे आणि सामाजिक शास्त्रांचे तयार संच मिळतात, तेच मागव. यजमानांना भीती वाटते की या सगळ्यात तिचं सायन्स बंद होईल. पुढच्या दोन वर्षांसाठी नेमकी कुठली पुस्तकं घेऊ?"

नमस्कार ताई,

तुम्ही पुस्तकांचं विचारलंत, पण त्याच्या आधी प्रमाणपत्राचं ठरवावं लागेल. शाळेतल्या मुलांसाठी बोर्ड आणि पुस्तक एकत्रच येतात, त्यामुळे आपल्याला ती एकच गोष्ट वाटते. घरी शिकणाऱ्या मुलीसाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावीचा कागद कोणाचा, हे एकदा ठरलं की कुठली पुस्तकं वाचायची याची तुम्हाला बरीच मोकळीक मिळते.

बहिणीच्या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण तो मायेनं दिलेला आहे आणि नाही म्हणायला तुम्हाला कारण लागेल. अमेरिकेत साधारणपणे एका वर्षी जीवशास्त्र, दुसऱ्या वर्षी रसायन, तिसऱ्या वर्षी भौतिक असे विषय घेतात. सामाजिक शास्त्रांत जगाचा इतिहास, मग अमेरिकेचा इतिहास, मग तिथली शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्र. घरी शिकवणारे आईवडील स्वतःच गुणपत्रक तयार करतात आणि तिथली बरीच महाविद्यालयं ते विचारात घेतात. आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशाला आईनं केलेलं गुणपत्रक कोणी बघणार नाही, मान्यताप्राप्त मंडळाचं प्रमाणपत्रच लागतं. शिवाय ज्या मुलीला ग्रामपंचायत कशी चालते हे अजून माहीत नाही, तिनं वर्षभर अमेरिकी सिनेटचे अधिकार का पाठ करावेत? आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. तिकडच्या काही संचांमध्ये, विशेषतः धार्मिक प्रकाशनांच्या, उत्क्रांती एकतर गाळलेली असते किंवा चुकीची ठरवलेली असते. तुमच्या लेकीचा जीव जीवशास्त्रात आहे. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चं पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. बहिणीनं सुचवलेल्या संचात हे प्रकरण आधी शोधा, मग किमतीचं बोला.

आता प्रमाणपत्र. तुमच्या परिस्थितीत माझं मत एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे झुकतं. दहावीच्या प्रवेशाला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून जन्मदाखला आत्ताच हाताशी ठेवा. पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा. मराठी माध्यम आहे. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी हाच मोठा फायदा आहे.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगीरीत्या दहावीला बसायचा अर्ज, हाही सरळ रस्ता आहे. तो एका शाळेमार्फत भरावा लागतो आणि मग सगळे विषय एकाच वेळी, शाळेच्या वेळापत्रकानं द्यायचे. जी मुलगी शाळेत जाईनाशी झाली, तिला ते झेपेल का, हे तुम्हीच जाणता. केंब्रिजच्या आयजीसीएसईत, म्हणजे दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, प्रयोगशाळेऐवजी प्रात्यक्षिकाला पर्याय असलेला लेखी पेपर घेता येतो, ही त्यातली खरी सोय. पण खासगी विद्यार्थी घेणारं केंद्र चिपळूणहून पुण्या-मुंबईत शोधावं लागेल आणि शुल्कही भारी असतं. तुमच्या पत्रात त्यासाठी पुरेसं कारण मला दिसलं नाही.

एनआयओएसमध्ये एक खड्डा मात्र आहे आणि त्यात पडलेली मुलं मी पाहिली आहेत. तिथे गणित आणि विज्ञान दोन्ही न घेता दहावी होता येतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं तसंच केलं होतं. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री, दोन भाषा घेतल्या आणि चांगल्या गुणांनी पास झाला. सतराव्या वर्षी त्याला शेतकी महाविद्यालयात जावंसं वाटलं. मग मागे फिरून गणित आणि विज्ञान स्वतंत्रपणे द्यावं लागलं, त्यात वर्ष गेलं, आणि वर्षापेक्षाही जास्त गेला तो त्याचा धीर. म्हणून लेकीनं आज काहीही म्हटलं तरी गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं, मराठी आणि इंग्रजी हे पाच विषय ठेवाच. चित्रकला हवी असेल तर सहावा विषय म्हणून घ्या.

विज्ञानासाठी घरात दोन पुस्तकं ठेवा. एनआयओएसचं पुस्तक परीक्षेसाठी, कारण प्रश्न त्यातूनच येतात. पण रोज वाचायला आणि समजून घ्यायला बालभारतीचे नववी आणि दहावीचे भाग वापरा. ते संकेतस्थळावर फुकट मिळतात, आकृत्या चांगल्या आहेत आणि भाषा तिच्या ओळखीची आहे. मात्र प्रत्येक संज्ञा वहीत दोन्ही भाषांत लिहायची सवय लावा: अपवर्तन आणि रिफ्रॅक्शन, अभिक्रिया आणि रिअ‍ॅक्शन, शेजारी शेजारी, इंग्रजी स्पेलिंगसह. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत येतं. मराठीतून उत्तम समजलेली मुलं पहिल्या तीन महिन्यांत केवळ शब्दांपायी घाबरतात.

पुस्तकांवर वाचलेला पैसा हत्यारांवर घाला. एक डिजिटल मल्टिमीटर, हार्डवेअरच्या दुकानातला व्हर्निअर कॅलिपर, दोन-तीन भिंगं, परीक्षानळ्या, पीएच कागद आणि जमलं तर विद्यार्थ्यांसाठीचा साधा सूक्ष्मदर्शक. भिंगाचं नाभीय अंतर खिडकीसमोर, भिंतीवर झाडाची उलटी प्रतिमा पाडून मोजता येतं. ओहमचा नियम टॉर्चच्या सेलवर आणि शेगडीच्या कॉइलच्या तारेच्या तुकड्यावर तपासता येतो. घरातल्या विजेला हात लावायचा नाही. आम्ल की आम्लारी हे रंग बदलून दाखवणाऱ्या दर्शकासाठी तुमच्याकडे जास्वंद आहे, हळद आहे आणि कोकमही आहे. कोकमाचं पाणी सोड्याच्या पाण्यात घालून तिनं रंगाची नोंद एकदा स्वतः केली, की आम्ल-आम्लारीचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. तीव्र आम्लांचे प्रयोग मात्र घरी नकोत, ते एनआयओएसच्या अभ्यासकेंद्रावरच.

विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी होते. घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक हेच विसरतात आणि परीक्षेच्या महिनाभर आधी माझ्याकडे धावत येतात. म्हणून अभ्यासकेंद्र निवडताना पहिला प्रश्न विचारा: तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे का आणि मुलांना ती केव्हा वापरायला मिळते? जवळचं पण प्रयोगशाळा बंद असलेलं केंद्र मिळत असेल, तर थोडं लांबचं घ्या. टीएमए नावाचे स्वाध्याय वेळेवर द्या, लेखी गुणांत त्यांचा वाटा २० टक्के असतो आणि ते घरी बसून नीट लिहिता येतात.

आता सामाजिक शास्त्रं. पत्रात तुम्ही त्यांना दोन ओळी दिल्यात. विज्ञानासाठी संच आणि शिकवणी, इतिहासासाठी 'वाच गं कधीतरी', असं पुष्कळ घरांत होतं. मग मुलीला सनावळ्यांचा कंटाळा आला तर दोष तिचा कसा?

दहावीचं बालभारतीचं इतिहासाचं पुस्तक तिच्या हातात द्या आणि पहिलं पान न उघडता अनुक्रमणिका वाचायला सांगा. त्यात राजांची वंशावळ नाही. इतिहास कसा लिहिला जातो, उपयोजित इतिहास म्हणजे काय, प्रसारमाध्यमं आणि इतिहास, खेळ आणि इतिहास, पर्यटन आणि इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन अशी प्रकरणं आहेत. भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील हे दोन देश सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी ठेवून शिकवले आहेत. जंगलात रमणाऱ्या मुलीला अ‍ॅमेझॉनच्या वाटेनं भूगोलात नेता येईल. एनआयओएसच्या पुस्तकात जगाचा आणि भारताचा इतिहास, नैसर्गिक पर्यावरण आणि साधनसंपत्ती, लोकशाहीचं कामकाज आणि आजचे प्रश्न असे भाग आहेत. परीक्षेला ते हवंच, पण सुरुवात त्यानं करू नका.

सुरुवात वाशिष्ठीनं करा. तिच्या मगरी ज्या नदीत आहेत त्याच नदीनं. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. डोंगर पोखरून ते पश्चिमेकडे वळवलं, पोफळीला त्यावर वीज तयार होते, आणि वीज करून झालेलं पाणी तुमच्या वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. या एका गोष्टीत विज्ञान कुठे संपलं आणि सामाजिक शास्त्र कुठे सुरू झालं, सांगता येईल का? उंचीवरच्या पाण्याची ऊर्जा हा भौतिकाचा धडा. किती पाणी पश्चिमेला वळवायचं, हा कृष्णा खोऱ्यातल्या राज्यांमधला तंटा आणि लवादाचा विषय, म्हणजे राज्यशास्त्र. धरणात कोणाची गावं गेली आणि ती माणसं कुठे वसवली, हा इतिहास. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप हा भूगोल, आणि तो आठवणारी माणसं अजून तुमच्या आळीत असतील. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी आणि खाडीतली मासेमारी हा रसायनाचाही धडा आहे आणि अर्थशास्त्राचाही. नदीच्या मुखाशी दाभोळ आहे, एके काळचं गजबजलेलं बंदर. त्याच्या अलीकडे गोवळकोटचा किल्ला. सनावळ्या तिथून आपोआप लागतात, कारण मग त्या कशाच्या तरी असतात.

आणि २२ जुलै २०२१. तो पूर तुमच्या लेकीनं नऊ-दहा वर्षांची असताना पाहिला असेल. तिला एक काम द्या. तुमच्या भागातल्या दहा घरांत जाऊन पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते मोजायचं, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशावरून उंची काढायची आणि प्रत्येक घरातल्या एका माणसाची आठवण लिहून घ्यायची. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर काय करायचं, हा प्रश्न तिला पडेल. तो पडला की इतिहासलेखनाचं पहिलं प्रकरण तिच्यासमोर ठेवा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही तिला घेऊन जा. १८६४ पासूनची ही संस्था, पुराचा फटका तिलाही बसला. भिजलेल्या पुस्तकांचं काय केलं, हे तिथल्या लोकांकडूनच तिनं ऐकावं. ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनाचा धडा मग वाचायचा. नागरिकशास्त्रासाठी तुमच्या गावच्या ग्रामसभेला तिला शेजारी बसवा. मत देता येणार नाही, पण अंदाजपत्रकावर कोण काय बोलतं ते ऐकता येईल.

परीक्षा दोन वेळांत विभागा. पहिल्या वेळी सामाजिक शास्त्रं आणि मराठी. त्यात प्रात्यक्षिकाची धाकधूक नाही आणि पहिली परीक्षा बरी गेली की मुलीचा स्वतःवर विश्वास बसतो. दुसऱ्या वेळी गणित, विज्ञान, इंग्रजी. दोन परीक्षांच्या मधले सहा महिने केंद्रावरच्या प्रयोगशाळेसाठी राखून ठेवा. अकरावीच्या प्रवेशाचं वर्ष आधी ठरवून तिथून उलटे महिने मोजा, म्हणजे निकाल वेळेत हातात येईल.

यजमानांना सांगा, की एनआयओएसच्या विद्यार्थ्यांना जेईई मेन देता येते. नीटबद्दल पूर्वी अडचण होती, मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना ती देता येत नसे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती अट रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा प्रश्न मिटला. एक काळजी मात्र घ्यायची: केंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यात दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झाल्याची अट असते आणि स्वस्त किंवा सोपं पडतं म्हणून परराज्यातलं केंद्र घेणाऱ्यांना ती नंतर भोवते. बारावी एनआयओएसमधून करायची की अकरावीला महाविद्यालयात जायचं, हे आज ठरवू नका. सोळाव्या वर्षी तिला वर्गात बसावंसं वाटेलही. पाच विषय हातात असले तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

जानेवारीपर्यंत तुमच्याकडे काही महिने आहेत. तेवढ्यात दोन केंद्रांना प्रत्यक्ष भेट देऊन प्रयोगशाळा बघा. लेकीच्या पुराच्या वहीची चार-पाच पानं आणि तिनं केलेल्या मगरींच्या नोंदी मला पाठवा. त्या बघून गणिताचं कुठून सुरू करायचं ते पुढच्या पत्रात लिहिते.