अब्राहामला तारीख मिळाली होती, तुला नाही

प्रश्न: ताई, आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. मी 37, नवरा 40, लग्नाला 9 वर्षं झाली. दोन आयव्हीएफ फेल गेली. मला आता थांबायचंय, मूल दत्तक घ्यावं असं मनात आहे. नवरा म्हणतो धीर धर, आपला मूळपुरुष अब्राहाम, त्याने मुलासाठी 25 वर्षं वाट बघितली. सासूबाई म्हणतात तुझी एमुनाच, म्हणजे श्रद्धाच, कमी पडते, आणि परवा म्हणाल्या की आपल्याकडे कामाला येते त्या मुलीला पैसे देऊन सरोगसीचं विचारू. गेल्या रोश हशानाला अब्राहामच्या बायकोला, साराला, मुलगा झाला तो उतारा सुरू झाला आणि मी उठून सिनेगॉगच्या बाहेर गेले, त्याचे टोमणे अजून चालू आहेत. अलिबागजवळच्या खंडाळ्याला मलिद्याचा (गोड पोह्यांच्या प्रसादाचा) नवस पण बोलून बसलेय. थांबले तर देवाशी केलेला करार मोडल्यासारखं होईल का? — हन्ना (नाव बदललंय)

अगं हन्ना, बाहेर गेलीस ते बरंच केलंस. बाकीच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते, रोश हशाना म्हणजे आमचं नवं वर्ष, आणि त्या पहिल्याच दिवशी सिनेगॉगमध्ये आधी साराला म्हातारपणी इसहाक झाला ती गोष्ट वाचतात आणि लगेच त्यानंतर शास्त्रातल्या हन्नाची, तिलाही मूल नव्हतं आणि मग झालं. म्हणजे वर्षाची सुरुवातच ही, दोन गोष्टी पाठोपाठ, दोन्हींचा शेवट पाळण्यात. ज्या बाईचा पाळणा रिकामा आहे तिने दरवर्षी चेहरा सरळ ठेवून हे ऐकायचं म्हणजे चेष्टा नाहीये.

आता तुझ्या नवऱ्याच्या 25 वर्षांकडे येते. हिशोब बरोबर आहे त्याचा, अब्राहाम 75 वर्षांचा असताना हारान सोडून निघाला आणि इसहाक झाला तेव्हा 100 चा होता. पण त्याला सांग की मधली पानंही वाच. हा माणूस 25 वर्षं हात जोडून गप्प बसला असं कुठेही लिहिलेलं नाही. तो देवालाच म्हणतो की तू मला देऊन देऊन काय देणार, मी तर निपुत्रिक चाललोय, माझं सगळं घरातल्या चाकराला, त्या दमास्कसच्या एलिएजरला जाणार. मग देव त्याला बाहेर नेऊन तारे मोजायला सांगतो, तो विश्वास ठेवतो, आणि दोन ओळी जात नाहीत तोवर पुन्हा विचारतो, हे मला कळणार कशावरून? 99 व्या वर्षी परत वचन मिळालं तेव्हा पालथा पडून हसला. सारा तंबूच्या दाराआड हसली आणि वर म्हणाली मी नाही हसले. मुलाचं नाव सुद्धा तेच पडलं, यित्झाक म्हणजे 'तो हसतो'. घरात ज्याला धीर धीर म्हणतात तो हा असा होता, तक्रार, शंका, हसू सगळं धरून.

आणि एक गोष्ट जरा कडक वाटेल पण सांगते. अब्राहामला वचन नाव घेऊन दिलं होतं, साराचंही नाव घेऊन, शेवटी तर पुढच्या वर्षी याच सुमाराला अशी तारीख सुद्धा दिली होती. तुला तशी तारीख कुणी दिलेली नाही गं. तुला क्लिनिकची तारीख मिळते, आणि ती दोनदा चुकली. जे वचन तुला मिळालंच नाही त्याची वाट बघ म्हणणं ही श्रद्धा नाही, ते दुसऱ्याच्या नावावरचा चेक घेऊन बँकेच्या रांगेत उभं राहण्यासारखं झालं.

करार मोडतो का विचारलंस ना, मग तो करार झाला कसा ते बघ, मला तोरातला (आपल्या धर्मग्रंथातला) सगळ्यात आवडणारा प्रसंग तो आहे. आपण करार करतो, हिब्रूत करार 'कापतात', शब्दच तसा आहे. बेरेशीतच्या, म्हणजे तोराच्या पहिल्या पुस्तकाच्या, 15 व्या अध्यायात अब्राम (तेव्हा नाव एवढंच होतं) तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा आणून मधोमध चिरतो, अर्धे इकडे अर्धे तिकडे समोरासमोर मांडतो, एक होला आणि एक पारव्याचं पिल्लूही असतं पण पाखरं चिरत नाही. गिधाडंबिधाडं खाली यायला लागतात तर हा बसून हाकलतो. त्या काळची रीत अशी की करार करणाऱ्याने त्या तुकड्यांच्या मधून चालत जायचं, म्हणजे शब्द मोडला तर माझंही असंच होवो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 34 व्या अध्यायात असे वासराच्या तुकड्यांमधून चालत जाऊन पुढे शब्द फिरवलेले लोक आहेत, त्यांना चांगलंच सुनावलंय तिथे. आता इथे अब्राम चालला का? नाही. सूर्य बुडताना त्याला गाढ झोप लागली. अंधार पडला आणि धुमसणारी भट्टी नि पेटती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधून गेली. म्हणजे चालला तो एकटा देव, आणि ज्याच्या श्रद्धेचे आपण गोडवे गातो तो बाजूला झोपलेला. त्याच्याकडून काम झालं ते गिधाडं हाकलण्याचं. तू दोन आयव्हीएफची इंजेक्शनं घेऊन, टोमणे ऐकून तेवढं काम कधीच केलंयस, तेव्हा थोडी झोप घे.

सासूबाईंनी एमुना शब्द काढलाच आहे तर तोही बघू. त्यांना वाटतं एमुना म्हणजे आत पोटात कुठेतरी भरून ठेवलेलं काहीतरी, आणि तुझी टाकी अर्धीच. शेमोतच्या, म्हणजे तोराच्या दुसऱ्या पुस्तकाच्या, 17 व्या अध्यायात अमालेक टोळीशी लढाई चाललीय, आपला पुढारी मोशे, त्याचे हात वर असले की आपण जिंकतो, खाली आले की हरतो, आणि त्याचे हात दुखायला लागतात. मग त्याला दगडावर बसवतात आणि एका बाजूने अहरोन, दुसऱ्या बाजूने हूर असे दोघं हात धरून ठेवतात, आणि पुढे लिहिलंय की सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' राहिले. तिथे अर्थ आहे स्थिर. शब्द तोच. मोशेचे हात स्वतःच्या जोरावर नाही राहिले वर, दोन माणसं धरून उभी होती. मग तुझी एमुना कमी पडली असेल तर सासूबाईंना विचारावंसं वाटतं की तुमचा हात नेमका कुठे होता? (हे तोंडावर विचारू नकोस, घरात राहायचंय तुला. नवऱ्याला मात्र विचार.)

त्या कामवाल्या मुलीचं तर नावच काढू द्यायचं नाही. एक तर 2021 च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी हा गुन्हा आहे, तुरुंगात जायची वेळ येईल. आणि कायदा नसता तरी, ही गोष्ट आपण वाचलेली आहे ना? साराने धीर सोडून मूल व्हावं म्हणून आपल्या दासीला, हागारला, अब्रामपुढे केलं. हागारला कुणी विचारलं? संपूर्ण अध्यायात सारा नि अब्राम तिला नावाने हाकसुद्धा मारत नाहीत, दासी म्हणतात. पोटुशी असताना तिचा इतका जाच झाला की ती वाळवंटात पळाली. तिथे झऱ्याजवळ देवाच्या दूताने तिला गाठलं आणि मग तिनेच देवाला नाव दिलं, एल रोई, मला बघणारा देव. म्हणजे त्या कुटुंबात चाललेलं सगळं त्याला दिसत होतं. सासूबाईंना उतारेच हवे असतील तर हा द्या वाचायला.

दत्तकाचं म्हणशील तर पूर्वी आपल्यासारख्यांची अडचण होती, हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही, नुसतं पालकत्व मिळायचं. आता बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या जोडप्याला रीतसर दत्तक घेता येतं, कारा म्हणून सरकारी संस्था आहे तिच्या पोर्टलवर नोंदणी करायची. दोन वर्षांखालच्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या वर नको, तुमची 77 होते, त्यामुळे आज नोंदणी केलीत तर बरं, कारण तिथेही वर्षं जातात. दोघांची संमती लागते, म्हणून नवऱ्याला टाळून काही करू नकोस. बाळाला आपल्यात घ्यायचा धार्मिक विधी असतो, त्याबद्दल आधीच जाणत्या रब्बींशी बोलून घ्या, नंतर बारशात वाद नकोत. आणि कुणी 'आपलं रक्त नाही' म्हणालं तर पुरीमच्या सणाला ज्या राणी एस्तेरची मेगिल्ला (गोष्टीची गुंडाळी) आपण ऐकतो तिला आईबाप नव्हते, मोर्दखयने स्वतःची मुलगी म्हणून वाढवली. मोशे तर फारोच्या मुलीकडे वाढला.

नवरा वाईट नाहीये असं पत्रावरून वाटतं. त्या शास्त्रातल्या हन्नाचा नवरा एलकानाही असाच, बायको रडतेय, जेवत नाहीये आणि हा म्हणतो मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का! प्रेमच होतं ते, पण ती का रडतेय हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. कदाचित तुझ्या नवऱ्यालाही थांबायची भीती वाटतेय आणि अब्राहामच्या आड उभा राहिलाय. एकदा घराबाहेर, सासूबाई नसताना, काउन्सेलर समोर असला तर अजून बरं, एवढंच विचार की 25 वर्षं वाट बघायची म्हणतोस, त्यातली इंजेक्शनं कोण घेणार?

राहिला नवस. रोश हशानाच्या आधी तिघांसमोर उभं राहून नवस सोडवून घ्यायची रीत आपल्याकडे आहेच, त्यामुळे तो भुंगा डोक्यातून काढ. पण मलिदा करच. बाळ झाल्यावरचा म्हणून नको, नऊ वर्षं दोघं एकत्र टिकलात म्हणून कर. ज्यांना मलिदा वाहतो ते एलियाहू हन्नाबी (संदेष्टा एलिया) पावती मागत नाहीत. खंडाळ्याला टाप्यापाशीच, एलियाहूंच्या त्या खडकावरच्या खुणेपाशी, करायचा असेल तर सकाळी लवकर निघा, आणि मला कळवलंस तर वेलची कुटून मी आणते, तुमच्या ठाण्याच्या लोकांना ती नेहमी कमी पडते.