बोअरला लाव्हा का लागत नाही आणि किल्लारी का हादरलं?

दादा, तुमचा पहिला प्रश्न असा की मुलाच्या वहीत प्लेटा (पृथ्वीच्या वरच्या घट्ट थराचे मोठे तुकडे) लाव्हारसावर तरंगतात असं लिहिलंय, मग आपल्याकडं 600 फूट बोअर मारला तरी लाव्हा कसा लागत नाही. ते वाक्य आधी खोडायला सांगा त्याला. प्लेटांखालचं मँटल, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला थर, हा रस नाही, घट्ट खडक आहे, सुमारे 2900 किमी खोलपर्यंत. फक्त इतका तापलेला की हळूहळू सरकतो, डांबराच्या गोळ्यासारखं, हातोडा मारला तर फुटेल पण उन्हात ठेवला तर पसरेल. खरा द्रव थर त्याच्याही खाली, लोखंड-निकेलचा बाह्य गाभा, आणि 5150 किमीच्या पुढं परत घन. भूकंपाच्या एस लहरी (खडक आडवा हलवत जाणाऱ्या) द्रवातून जात नाहीत, त्यावरनं बाह्य गाभा द्रव असल्याचं कळालं.

आपला बोअर तर कवचातच राहतो, कवच 35-40 किमी जाड आणि रशियात कोलाला मुद्दाम खोदलं तरी 12 किमीच्या वर थोडंच गेले. पण लाव्हा लागलेलाच आहे हो तुम्हाला, थंड झालेला! काळी माती, मुरूम, मग मांजऱ्या (भोकं-भोकं असलेला खडक) आणि काळा पाषाण, हे सगळं साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, माती-मुरूम म्हणजे त्याचीच झीज. विहिरीच्या कडेला मध्येच लाल मातीचा पट्टा दिसतो बघा, एक थर थंड होऊन वर माती तयार झाली आणि मग पुढचा लाव्हा आला, त्यानं ती भाजली. मांजऱ्यातल्या भोकांत पांढरे खडे चमकतात ती जागा वायूच्या बुडबुड्यांची. हे मुलाला विहिरीवर नेऊन दाखवाच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लातूरकडचं किल्लारी प्लेटेच्या कडेला नाही, मग तिथं भूकंप का झाला. भारतीय प्लेट वर्षाला साधारण 5 सेमी उत्तरेकडं सरकते आणि तिकडं हिमालयाशी अडते, तो दाब सगळ्या प्लेटभर पसरतो, आतमध्ये जुनी भेग असेल तिथं तो साठत जातो आणि कधीतरी सुटतो. कड असायलाच पाहिजे असं नाही. किल्लारीला नंतर बोअर घेतला तेव्हा साधारण 340 मीटरवर काळा पाषाण संपून खाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला, म्हणजे वरनं बघून खालच्या भेगेचा पत्ता लागणं अवघडच. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56, विसर्जन करून लोक झोपलेले. धक्का 6.2 चा, फार खोल नव्हता, आणि वर दगड-मातीच्या जाड भिंती, माळवदावर मातीचा भार. माणसं जास्त करून त्याखाली गेली.

गावाकडं तुमचं तसलं जुनं घर असेल तर माळवदावरची माती कमी करता येते का बघा, आणि नवीन बांधताना खिडकी-दाराच्या वर चारी भिंतींवरनं सलग काँक्रीटचा पट्टा घ्यायला मिस्त्रीला सांगा, खर्च वाढतो म्हणून तो टाळायला बघेल, ऐकू नका.