वाचक विचारतात : अ‍ॅना जर्मन वळिवड्यात होती का हो?

गेल्या अंकात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांसाठी असलेल्या कॅम्पबद्दल लिहिताना मी एका ओळीत अ‍ॅना जर्मन या पोलिश गायिकेचं नाव टाकलं आणि मोकळा झालो. ती एक ओळ चांगलीच महागात पडली. कॅम्प राहिला बाजूला, सगळ्यांना तीच पाहिजे. त्यामुळं ह्यावेळी दुसरे प्रश्न घेतलेच नाहीत, मधुमेहात गुऱ्हाळाची काकवी चालते का विचारणाऱ्या ताईंनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं ही विनंती.

आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की पोलंडची सुप्रसिद्ध गायिका अ‍ॅना जर्मन लहानपणी आईबरोबर वळिवड्याच्या कॅम्पात होती आणि पहिलं गाणं तिनं तिथंच म्हटलं. आमचे एक मित्र तर म्हणतात त्यांच्या आजोबांनी तिला बघितलंय. खरं काय ते सांगा, पैज लागलीय. (एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

सर, पैज हरलात. म्हणजे तुम्ही कुठल्या बाजूनं लावलीय ते लिहिलं नाहीत, पण ती इथं कधीच नव्हती. मित्राच्या आजोबांनी कुणीतरी सोनेरी केसांची पोरगी बघितली असणार ह्यात शंका नाही, तेव्हा कॅम्पात पाच हजाराच्या आसपास पोलिश माणसं होती आणि त्यात बायका-पोरंच जास्त. माझे आजोबाच तिथं दुधाचा रतीब घालायचे. सायकलच्या दोन्ही बाजूला किटल्या अडकवून बराकींच्या रांगेत शिरायचं आणि "म्लेको, म्लेको" म्हणून ओरडायचं. पोलिश भाषेत दुधाला म्लेको म्हणतात. मरेपर्यंत आमच्या घरात आजोबा चहात दूध कमी पडलं की "म्लेको घाल गं" म्हणायचे आणि नवीन सुनांना वाटायचं म्हातारं काय बरळतंय.

पण फॉरवर्ड खोटा असला तरी ज्यानं कुणी तो बनवला त्याचा नेम फार लांब चुकलेला नाही, आणि मला ह्यातलं हेच आवडलं. अ‍ॅनाचा जन्म 14 फेब्रुवारी 1936 चा, गाव उर्गेंच, उझबेकिस्तानात, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत रशियात. बाप हिशेबनीस, त्याला 1937 मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली उचलला आणि 1938 मध्ये गोळ्या घातल्या. तेव्हा पोरगी दोन वर्षांची. मग आई आणि आजी तिला घेऊन मध्य आशियात ह्या गावातून त्या गावात. आता बघा, वळिवड्याला आलेले पोलिश लोकपण त्याच भागातून आले. रशियानं त्यांना पोलंडमधनं उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलेलं, 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटल्यावर त्यांना सोडलं आणि पोलिश जनरल आंडर्सनं त्यांच्यातून सैन्य उभं केलं. 1942 च्या सुरुवातीला त्या सैन्याचं हेडक्वार्टर ताश्कंदजवळ, म्हणजे अ‍ॅनाच्याच मुलखात. त्याच वर्षी हे सैन्य आणि त्याच्या आसऱ्यानं बायका-पोरं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली, सैन्य पुढं इटलीत लढायला गेलं आणि बायका-पोरांतली काही कराचीमार्गे फिरत फिरत 1943 पासून आपल्या मिरज लाईनवरच्या वळिवडे स्टेशनला.

आणि अ‍ॅनाच्या आईनं ह्याच धामधुमीत दुसरं लग्न केलं ते पोलिश अधिकाऱ्याशीच. पण तो आंडर्सच्या सैन्याबरोबर गेला नाही. तो गेला नंतर 1943 मध्ये रशियानं स्वतःच्या हाताखाली जे दुसरं पोलिश सैन्य काढलं त्यात, आणि युद्धातून परत आलाच नाही. झालं, फाटा तिथं फुटला. पहिल्या सैन्याच्या मागनं गेलेले इराण करून वळिवड्याला आले, दुसऱ्यातल्या शिपायाची बायको म्हणून अ‍ॅनाच्या आईला 1946 मध्ये थेट पोलंडला जायची परवानगी मिळाली. सावत्र बाप वर्षभर आधी भरती झाला असता तर काय सांगावं, माझ्या आजोबांनी तिच्यापण भांड्यात माप ओतलं असतं. पण तसं झालं नाही. पैजेचे पैसे देऊन टाका.

(तुमच्या ग्रुपला सकाळी फिरायला महावीर गार्डन जवळ असेल तर तिथला पोलिश लोकांच्या आठवणीचा खांब बघा एकदा. रोज शेजारनं जातो आपण आणि वाचत नाही. वॉर्सातपण कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं फुलं वाहिली ते टीव्हीवर दाखवलं होतं.)

पोलंडची गायिका आणि आडनाव जर्मन? काहीतरी गडबड वाटते. (लक्ष्मीपुरी, भांड्याचे व्यापारी)

भाऊ, तुमच्या दुकानात जर्मनची पातेली आहेत ती कुठं जर्मनीची आहेत? ती अ‍ॅल्युमिनियमचीच. तसंच हे. पोलिश भाषेत जर्मन माणसाला 'न्येम्येत्स' म्हणतात, त्यामुळं तिथल्या लोकांना हे आडनाव आपल्याइतकं खटकत नाही, आणि ते उच्चार 'गेर्मान' करतात. मूळ मात्र तिकडचंच, बापाचं घराणं जर्मन वंशाचं, आईचे पूर्वज डच. म्हणजे रक्त डच-जर्मन, जन्म उझबेकिस्तान, वाढ रशियन बोलत आणि देश पोलंड. आपल्याकडं जातीचा दाखला काढताना तलाठ्यानं हात जोडले असते.

मी बी.एस्सी. जिऑलॉजी करतोय (मुलगी आहे, कोल्हापूरची आहे म्हणून 'करतोय'), गाणं पण शिकते. घरी म्हणतात एक काहीतरी धर. तुम्ही लिहिलं होतं की अ‍ॅना जर्मन जिऑलॉजिस्ट होती, ते कसं काय? (शाहूपुरी)

होय, खरंच होती. पोलंडला गेल्यावर आधी नोवा रुदा नावाच्या खाणीच्या गावात राहिली, मग व्रोत्स्वाफ शहरात, आणि तिथल्या युनिव्हर्सिटीत जिऑलॉजी पूर्ण केली. तिला खरंतर चित्रकला करायची होती पण घरात कमावतं कुणी नाही म्हटल्यावर पोटापाण्याचं बघायला लागतं, ते तुमच्या घरच्यांना समजेल. कॉलेजात असतानाच विद्यार्थ्यांच्या नाटक मंडळीत गायला लागली. डिग्री हातात आल्यावर मात्र दगड ठेवले बाजूला आणि गावोगावच्या कार्यक्रमांतून गात फिरली. 1964 मध्ये 'तान्चोंत्से एउरिदिकी' ह्या गाण्यानं ओपोलेच्या आणि सोपोतच्या अशा दोन्ही फेस्टिवलात बक्षिसं मिळाली आणि पुढं सगळा देश ओळखायला लागला. ओपोलेचा फेस्टिवल म्हणजे पोलंडमध्ये केवढी मोठी गोष्ट ते सांगायला इथली उपमा सापडत नाही, आपल्याकडं गाण्याला तेवढी गर्दी होत नाही, कुस्तीला होते.

घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण डिग्री पूर्ण करूनच सांगा. तिनंपण तेच केलं.

तिच्या अपघाताबद्दल तुम्ही "त्यावर पुन्हा कधीतरी" लिहून सोडून दिलंत. असं अर्धवट सोडत जाऊ नका. (फौंड्रीवाले, उद्यमनगर)

चूक झाली साहेब, घ्या पूर्ण. 1966 मध्ये मिलानच्या एका रेकॉर्ड कंपनीनं तिला इटलीत बोलावलं. 1967 मध्ये सानरेमोच्या गाण्याच्या फेस्टिवलच्या स्टेजवर गायली, तिथं पोचलेली ती पहिली पोलिश गायिका. सहा फूट उंची, फिक्कट केस, आवाज असा की वरच्या पट्टीत गेला तरी ओरडल्यासारखा वाटत नाही, वाऱ्यानं उचलून नेल्यासारखा जातो. इटलीत तिचं बस्तान बसायला लागलेलं. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी एक कार्यक्रम उरकून रात्री गाडीनं मिलानकडं परत येत होते, चालवणाऱ्याला डुलकी लागली. गाडी रस्ता सोडून गेली, अ‍ॅना बाहेर फेकली गेली.

पुणे-कोल्हापूर हायवेला रात्री दोनला पेठ नाक्याच्या पुढं ज्यानं ड्रायव्हरशी मुद्दाम बडबड करत जागरण केलंय त्याला ही डुलकी काय असते ते कळेल. मणका, पाय, हात, सगळीकडं हाडं मोडलेली. कित्येक दिवस शुद्ध नाही. मग प्लास्टर, आणि ते हाताला पायाला नाही, अख्ख्या अंगाला, कित्येक महिने. मला ह्यात जे राहून राहून डोक्यात बसतं ते हाडांचं नाही, छातीचं. गाणारा माणूस श्वासावर जगतो आणि तिची छातीच साच्यात बंद. तुमची फौंड्री आहे म्हणून सांगतो, साच्यात ओतलेलं लोखंड थंड होईपर्यंत हलत नाही, पण त्याला निदान गायचं नसतं.

पोलंडला आणली, घरी पलंगावर झोपून परत हात हलवायला, मग बसायला, मग चालायला शिकली. तेव्हा तिचा झ्बिग्न्येव तुखोल्स्की नावाचा मित्र होता, इंजिनिअर, तो सोबत राहिला, पुढं 1972 मध्ये लग्न केलं त्यांनी आणि 1975 मध्ये मुलगा झाला. पलंगावर पडल्या पडल्या तिनं इटलीच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आणि चाली बांधायला लागली. पुस्तकाचं नाव 'परत सोरेंतोला?' अशा अर्थाचं. 'सोरेंतोला परत ये' हे नेपल्सकडचं जुनं गाजलेलं गाणं, हिनं फक्त पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. बास, एवढ्याशा चिन्हात सगळं आलं.

1970 मध्ये परत उभी राहिली ती स्वतःच चाल दिलेलं गाणं घेऊन, 'च्वोव्येची लोस', म्हणजे माणसाचं नशीब. त्याच वर्षी ओपोलेत बक्षीस. आणि गंमत म्हणजे गाणं रडकं नाही. एवढं भोगून आलेल्या बाईनं नशिबावर गाणं करायचं म्हटल्यावर आपण रुमाल काढून बसतो, आणि ती सरळ शांतपणे गाते. मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक ह्याच गाण्याचं आहे, इटलीवाल्या भपक्याचं नाही.

यूट्यूबवर बघितलं तर तिच्या गाण्यांखाली सगळे रशियन लोकच लिहितात. ही नक्की कुणाची, पोलंडची का रशियाची? (कसबा बावडा)

दोघांची, आणि ह्यावरनं तिकडंपण वाद घालणारे आहेत. रशियन ती लहानपणापासून बोलायची त्यामुळं उच्चार परका वाटत नाही. सोव्हिएत संगीतकार पाख्मुतोवाबाईंनी चाल दिलेलं 'नादेज्दा', म्हणजे आशा, हे गाणं रशियात आजपण लोक तिच्याच आवाजात ऐकतात. ज्या राजवटीनं बापाला मारला त्याच देशात तिला हॉल भरून माणसं मिळाली, आणि ती त्यांच्यासाठी गायली. ह्याचं कसं वाटून घ्यायचं ते मला ठरवता येत नाही, आणि वाचकांना शिकवावं इतकी माझी पोच नाही. एक छोटा ग्रहसुद्धा आहे तिच्या नावाचा, 2519 अ‍ॅनाजर्मन, आणि तो शोधणाऱ्या बाईपण सोव्हिएतच. पोलंडमध्ये नवीन पिढी तिला मधे विसरल्यासारखी झाली होती, मग 2012 मध्ये तिच्या आयुष्यावर टीव्ही सिरीयल निघाली आणि परत गाजली.

शेवट मात्र लवकर झाला. कॅन्सर. 25 ऑगस्ट 1982, वॉर्सा, वय 46. शेवटी शेवटी घरीच बायबलमधल्या स्तोत्रांना चाली लावत होती.

मी आठवीत आहे. आमच्या गॅदरिंगला वळिवडे कॅम्पवर नाटुकली आहे आणि बाई म्हणाल्या एक पोलिश गाणं म्हण. अ‍ॅना जर्मनचं कुठलं सोपं आहे आणि उच्चार कसा करायचा? (गांधीनगर)

बाळा, तू गांधीनगरची म्हणजे तू कॅम्पाच्या जागेवरच राहतेस, हे माहिती आहे ना? पोलिश लोक 1948 पर्यंत गेले आणि फाळणीनंतर आलेले सिंधी लोक त्याच बराकीत राहिले, त्याचं पुढं गांधीनगर झालं. हे नाटुकलीत घ्या, जमलं तर म्लेकोवाला पण घ्या, सायकल मी देतो.

गाणं 'च्वोव्येची लोस'च घे, संथ आहे, श्वास घ्यायला जागा आहे. कॅम्पाच्या काळातलं नाही ते, 1970 चं आहे, तेवढं निवेदनात सांगून टाका म्हणजे परत फॉरवर्ड नको निघायला. उच्चाराचं एकच लक्षात ठेव, पोलिशमध्ये एल हे अक्षर दोन प्रकारचं असतं, साधा असेल तर 'ल', आणि मधनं तिरपी रेघ मारलेली असेल तर 'व'. म्हणून म्लेकोत ल, आणि च्वोव्येचीत पहिला व. रेघ बघून म्हण. मोबाईलवर तिचं ऐकताना कागद पुढं ठेव आणि रेघा लाल पेनानं आधीच मोठ्या करून घे, स्टेजवर लाईट डोळ्यावर आले की बारीक रेघ दिसत नाही.